आमच्याकडे सगळी गृहीतकं सिद्ध होतात

आमच्या विभागात आजवर एकही गृहीतक खोटं ठरलेलं नाही. मी नाशिकमधल्या एका कॉलेजात वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवते, आणि आमच्याकडे पीएचडीचं संशोधन केंद्रही आहे. तिथे उमेदवार येतो आणि सुरुवातीलाच एक वाक्य लिहितो, की अमुक केल्याने तमुकांचा फायदा होतो. ह्याला गृहीतक म्हणायचं. मग काही वर्षं त्याची तपासणी करायची आणि शेवटच्या प्रकरणात लिहायचं, की ते सिद्ध झालं. बचत गटांमुळे महिला सक्षम झाल्या, सिद्ध. प्रशिक्षणामुळे सातपूरच्या कामगारांची कार्यक्षमता वाढली, सिद्ध. ऑनलाइन पेमेंटमुळे किराणा दुकानदार खूश झाले, तेही सिद्ध. कुठल्याही प्रयोगशाळेत एवढं यश कोणाला मिळत नसेल.

तपासणी म्हणजे काय, तेही सांगते. एक प्रश्नावली करायची. प्रत्येक प्रश्नाखाली पाच पर्याय, पूर्ण सहमत पासून पूर्ण असहमत पर्यंत. ती मोबाइलवर टाकायची, सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि खाली हात जोडलेलं चित्र. लोक बसमध्ये, लग्नात, शौचालयात बसून ती भरतात. कारखानदारांवर संशोधन असेल तर प्रश्नावली सिन्नरच्या एखाद्या युनिटमध्ये जाते, मालक ती अकाउंटंटकडे सरकवतो, आणि तो जेवणाच्या सुट्टीत मधल्या पर्यायावर सरसकट खुणा करतो. ह्याला आम्ही उद्योजकांचा दृष्टिकोन म्हणतो. आता तर उत्तरंसुद्धा संगणकाकडून बनवून मिळतात. पूर्वी निदान फॉर्म भरून देणाऱ्या मैत्रिणींना चहा तरी पाजावा लागायचा.

मला ह्या सगळ्याची चीड आहे, आणि ती मी लपवत नाही. विभागात माझं नाव भांडखोर म्हणून आहे. परिषदा भरतात, उदयोन्मुख प्रादेशिक अर्थव्यवस्था आणि संशोधनाची भावी दिशा वगैरे, मागे मोठा फ्लेक्स, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि जेवणाची वेळ झाली की दिशा थेट मसालेभाताकडे वळते. अशा एका परिषदेत मी उठून विचारलं होतं, की इथे बसलेल्यांपैकी गेल्या महिन्याभरात कोण कोण बाजारात, कारखान्यात किंवा दुकानात जाऊन संशोधनासाठी बसलं? एकानेही हात वर केला नाही. सूत्रसंचालिकेने माझे आभार मानले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. तेव्हापासून मला परिषदेचं निमंत्रण येतं, पण माइक माझ्यापर्यंत येत नाही.

सध्या तर सगळ्यांना कुंभमेळ्यावर पीएचडी करायची आहे. कुंभमेळा आणि हॉटेल व्यवसाय, कुंभमेळा आणि रिक्षाचालक, कुंभमेळा आणि फुलविक्रेते. साधू अजून यायचेत, रस्ते अजून खणलेले आहेत, आणि आमच्या लोकांची गृहीतकं सिद्ध व्हायला आलीसुद्धा.

अशा ह्या विभागात ती माझ्याकडे पीएचडी करायला आली. नांदगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातली, लग्नानंतर सिन्नरला राहणारी, नवरा तिथल्याच एका कंपनीत. आमच्याकडे ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टी लागली की कमाई बंद, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. कायम जागा हवी तर पीएचडी हवी. वय वाढत चाललं होतं, घरात दोन मुलं होती, आणि सासरचे लोक आता उघड विचारायला लागले होते की हे शिक्षण कधी संपणार. हे सगळं तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. रडगाणं नव्हतं त्यात. एखादी बाई घरात किती माणसं जेवायला आहेत हे सांगते, तसं सांगितलं.

विषय तिनेच आणला होता. भाजीपाल्याचे बाजारभाव आता मोबाइलवर दिसतात. नाशिकला टोमॅटो काय भावाने गेला, वणीला काय, सिन्नरला काय, हे शेतकऱ्याला सकाळी बांधावर उभं राहून कळतं. तिचं गृहीतक असं, की भाव दिसायला लागल्यामुळे शेतकरी जिथे भाव जास्त तिथे माल नेतो आणि त्याला दोन पैसे जास्त मिळतात. ह्यावर तिचा मनापासून विश्वास होता. तिचे वडील आयुष्यभर भाव माहीत नसताना माल विकत आले होते. ते पाहिल्यामुळे तिला वाटायचं, आता हे बदललं असणार.

मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण ग्रुपवर फॉर्म टाकलास तर माझ्या दारात उभी राहू नकोस.

तर ती फॉर्म छापून घेऊन नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढच्या दोन-तीन गावांत जायला लागली. एसटीने, नाहीतर शेअर जीपने. कॉलेजचे तास आटोपून, डबा पिशवीत टाकून. महिन्याभराने फॉर्मचा गठ्ठा घेऊन आली आणि चेहरा पडलेला. मी फॉर्म चाळले. सगळे पूर्ण सहमत. भाव दिसल्यामुळे फायदा झाला का, पूर्ण सहमत. माल कुठे न्यायचा हे मी भाव बघून ठरवतो, पूर्ण सहमत. माझ्या मनात आलं, झालं, हीपण त्यातलीच.

पण ती म्हणाली, "मॅडम, हे खरं नाहीये."

"म्हणजे?"

"ते मलाच विचारतात, ताई, तुला काय पाहिजे ते सांग, तसं टाकतो. एक आजी तर म्हणाली, पोरी, इतक्या लांबून उन्हातान्हात आली, तुझं काम झालं पाहिजे. तिने चहा पाजला आणि सगळीकडे पहिल्या खणात खूण करायला लावली."

मला हसूही आलं आणि राग तर आलाच. फॉर्म म्हणजे परीक्षा, आणि आपण चुकीचं उत्तर दिलं तर पोरगी नापास होईल, असं तिकडच्या माणसांना वाटतं. ती माणसं चांगली आहेत. ती पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. आणि त्यांच्या ह्या चांगुलपणावर आमच्यातल्या कित्येकांनी डॉक्टरेट मिळवून दारावर पाट्या लावल्यात.

फॉर्म ठेवून दे, मी तिला म्हटलं. आता काही विचारू नकोस. माल भरतात तिथे जाऊन नुसती बस.

ती बसली. सगळा हंगाम बसली. एकीकडे मोबाइलवर त्या दिवशीचे भाव काय, आणि दुसरीकडे प्रत्यक्षात कोणाचा माल कुठे गेला, एवढंच ती लिहीत होती. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की मोबाइलवर काहीही दिसो, माल रोज नाशिकलाच जातो. वणीला भाव चढा असला तरी नाशिकलाच. शेतकरी भाव बघतात, एकमेकांना दाखवतात, हळहळतात, आणि क्रेट उचलून पिकअपमध्ये ठेवतात.

कारण होतं पिकअप. एकेका घराचा माल थोडा असतो, दहा क्रेट, पंधरा क्रेट, काही कोथिंबिरीच्या जुड्या. तेवढ्यासाठी स्वतंत्र गाडी कोणाला परवडत नाही. वस्तीतली सगळी घरं मिळून एक पिकअप करतात. ती पिकअप नाशिकला जाते, कारण परत येताना चालकाला तिथून पशुखाद्याची पोती आणि गावातल्या दुकानांचा किराणा मिळतो. वणीहून त्याला परतीचं भाडं मिळत नाही. म्हणजे टोमॅटो कुठे विकायचे हे पशुखाद्याच्या पोत्यांवर ठरत होतं. हे त्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी सांगितलं नाही, कारण कोणत्याही प्रश्नावलीत पिकअपचा प्रश्नच नव्हता.

हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. खुर्चीच्या टोकावर बसून ती हातांनी पिकअप दाखवत होती, क्रेटचे थर दाखवत होती, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून नांदगावकडचं बोलणं यायला लागलं, "लय भारी सापडलंय मॅडम, लय." मी इतकी वर्षं शिकवते, पण असा आनंद मला फार कमी वेळा झालाय. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं असतं? मी तिला सांगितलं, की तुझं गृहीतक खोटं ठरलं, आणि म्हणूनच तुझं काम खरं आहे. भाव दाखवून उपयोग नाही, परतीच्या भाड्याची सोय लावा, हे सरकारला, व्यापाऱ्यांना, मोबाइलवाल्यांना सांगणारं पहिलं माणूस तू असशील. मी तेव्हा असं मोठं मोठं बोलून गेले, आणि ते सगळं मला खरंच वाटत होतं.

प्रबंध सादर करायच्या आधी विभागासमोर मांडणी करावी लागते. ती व्यवस्थित साडी नेसून आली होती. पडद्यावर चित्रं होती, पिकअपचे फोटो होते. ती शेवटच्या पानावर आली आणि म्हणाली, संशोधनाचं मुख्य गृहीतक अमान्य झालं आहे.

आमचे विभागप्रमुख माझ्यापेक्षा वयाने लहान, गोड बोलणारे, सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांचा चेहरा असा झाला जणू कोणी वाईट बातमी दिली. ते हळूच म्हणाले, "अरेरे. मग आता?"

"मग काय सर?" मी म्हटलं. "हाच निष्कर्ष आहे."

"हो, पण नापास झालं ना ते."

"काय नापास झालं?"

"गृहीतक."

मी त्यांना समजावलं. आधी शांतपणे, मग तेवढं शांतपणे नाही. म्हटलं, गृहीतक खोटं ठरणं हा शोध असतो सर, ताप मोजला आणि नाही निघाला तर थर्मामीटर नापास होत नाही. त्यावर एका सहकाऱ्यांनी उपाय सुचवला. ते म्हणाले, "त्यापेक्षा गृहीतकच उलटं लिहू ना मागे जाऊन. भाव दिसल्याने काही फरक पडत नाही, असं लिहू. म्हणजे सिद्ध होईल." आणि हे त्यांनी मदत म्हणून सुचवलं होतं, इतक्या निर्मळ चेहऱ्याने, की माझ्या डोक्यातच गेलं. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, मुलीने हंगामभर उन्हात बसून काढलेलं खरं तुम्हाला पचत नाही, कारण तुम्ही आयुष्यात कधी खऱ्याच्या वाटेला गेलाच नाहीत. आणखीही बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही, पण त्यातलं काही मागेही घेत नाही.

विभागप्रमुख माझ्या आवाजाला सरावलेले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, जरा त्यांच्या भवितव्याचा विचार करा. जागेची जाहिरात आलीये. मुलाखतीआधी डिग्री हातात पाहिजे. असा प्रबंध बाहेर पाठवला आणि परीक्षकांनी परत पाठवला, तर किती वेळ जाईल? असं आजवर झालंच नाही हो आपल्याकडे."

ती पडद्याशेजारी उभी होती. पिकअपचा फोटो अजून तिच्या मागेच होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला गाठलं आणि बजावलं, की एक अक्षरही बदलायचं नाही. मी आहे. विद्यापीठापर्यंत भांडेन. ती म्हणाली, "हो मॅडम." मी स्कूटर काढली आणि गंगापूर रोडने घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडतच होते, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणात मला मजा येत होती. कितीतरी वर्षांनी भांडायला काहीतरी खरं मिळालं होतं.

पुढच्या आठवड्यात ती दुपारी माझ्या केबिनमध्ये आली. हातात नवीन बांधलेली प्रत. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, सही पाहिजे."

मी शेवटचं प्रकरण उघडलं. गृहीतक सिद्ध झालं होतं. मोबाइलवर भाव बघून शेतकरी बाजार निवडतो आणि त्याला फायदा होतो. खाली कोष्टकं, आलेख, सगळं नीटनेटकं.

"हे कुठून आणलंस?"

"पहिले फॉर्म होते ना."

"कोणते पहिले?"

"चहा पाजून भरलेले." ती माझ्याकडे बघत नव्हती. "खोटे नाहीयेत मॅडम. त्यांनी स्वतः भरलेत. सह्या आहेत."

"आणि पिकअपचं प्रकरण?"

"काढलं."

मी काय काय बोलले ते आठवलं तरी मला अजून लाज वाटते. तू माझ्याकडे यायलाच नको होतंस, म्हटलं. तिच्या वडिलांचं नाव काढलं, जे मी काढायला नको होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, तुम्ही पर्मनंट आहात."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. "तुम्ही भांडता ते मला आवडतं. पण तुमचा पगार होतो. तुम्ही हरलात तर घरी जाऊन चिडाल. मी हरले तर जूनमध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर मुलाखतीला बसेन, आणि पुढच्या वर्षी तेवढंही वय राहणार नाही. मला नाय जमणार."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ती बोलत होती ते खरं होतं. पण खरं ऐकून माणूस शहाणा होतोच असं नाही. मी प्रत तिच्याकडे सरकवली आणि म्हटलं, ह्यावर माझी सही मिळणार नाही. ती उठली, प्रत पिशवीत घातली, दार हळूच लावून गेली.

मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज गेला, आणि मंजूरही झाला. अशी कामं आमच्याकडे पटकन होतात. विभागप्रमुखच तिचे मार्गदर्शक झाले. एका शब्दानेही त्यांनी मला डिवचलं नाही. उलट जिन्यात भेटले की विचारायचे, मॅडम, तब्येत बरी आहे ना. मला त्यांचा जितका राग यायचा तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. वाईट माणसाशी भांडता येतं, पण ह्यांच्याशी कसं भांडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग व्हायवा ठरली. पीएचडीची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, कोणीही येऊन बसावं, कोणीही प्रश्न विचारावा, असा नियम. आमच्याकडे त्याचंही आम्ही नाटक करून टाकलंय. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून बीकॉमच्या एका वर्गाला आणून बसवतात. त्यातल्या तिघाचौघांना चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिलेले असतात, आपल्या विषयाचं महत्त्व काय, पुढील संशोधनाला वाव काय, आणि उमेदवाराची उत्तरं पाठ असतात. बाहेरचे परीक्षक नाशिकला यायला एका पायावर तयार असतात. व्हायवा झाली की उमेदवाराने गाडी करून त्यांना त्र्यंबकेश्वरला दर्शनाला न्यायचं, ही आमची पद्धत. कोणी ठरवलेली नाही, पण कोणी मोडलेलीही नाही. परगावच्या प्राध्यापकांना मी फोनवर विचारताना ऐकलंय, की दर्शनाचं कसं करणार आहात?

मी जाणार नव्हते. पण गेले. मागच्या रांगेत बसले. मनात एकच होतं, ते सांगून टाकते. मी तिला सगळ्यांसमोर विचारणार होते. तिने जे पाहिलं ते खोटं आहे असं तिला माझ्या तोंडावर म्हणू दे, मग बघू कसं म्हणते ते. हे दुष्टपणाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या एका प्रश्नावर तिची डिग्री अडकू शकली असती, आणि डिग्रीवर नोकरी. तरी मी जाऊन बसले.

तिने मांडणी छान केली. परीक्षक वयस्कर होते, कपाळाला गंध, पुढ्यात प्रबंध. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, प्रस्तावनेतले. शुद्धलेखनाबद्दल कौतुक केलं. चिठ्ठीवाल्या मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या. विभागप्रमुख म्हणाले, "आणखी कोणाला काही विचारायचंय?" आणि कोणी विचारणार नाही हे धरून पुढच्या कागदाकडे बघायला लागले.

मी उभी राहिले. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या शेजारची मुलगी उगाच सरसावून बसली.

मी म्हटलं, "तुम्ही ज्या वस्तीत काम केलंत, तिथल्या शेतकऱ्याचा माल कुठल्या बाजारात जाणार, हे कोण ठरवतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात पडद्यावरची पानं पुढे सरकवायचं बटण होतं, ते तिने टेबलावर ठेवलं. मग पुढच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, परीक्षकांवरून, विभागप्रमुखांवरून, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"पिकअपवाला," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. भाव दिसतात पण त्याचा उपयोग होत नाही. एकेका घराचा माल थोडा असतो. गाडी सगळ्यांची मिळून असते. परतीचं भाडं फक्त नाशिकहून मिळतं, म्हणून वणीला भाव असला तरी माल नाशिकला जातो. पशुखाद्याच्या पोत्यांचंही सांगितलं. फॉर्मवर लोकांनी सहमत लिहिलं, पण ते फक्त आमचं काम व्हावं म्हणून, हेसुद्धा सांगितलं. हातांनी क्रेटचे थर दाखवले, तसेच, जसे माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसून दाखवले होते. ती बोलत होती ते तिच्या पुढ्यातल्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाच्या अगदी उलट होतं. एका वाक्याने नाही, प्रत्येक वाक्याने उलट होतं. मी उभीच होते. मला वाटलं, आता परीक्षक प्रबंध उघडतील, आणि संपलं. आणि त्या क्षणी मला ते नको होतं. मीच विचारलं होतं, आणि मलाच ते नको होतं.

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. विभागप्रमुख टेबलाखाली मोबाइल धरून गाडीवाल्याला काहीतरी कळवत होते. ती थांबल्यावर दोघांनी माना वर केल्या.

"वा," परीक्षक म्हणाले. "स्थानिक संदर्भ फार सुंदर मांडलात. तुमच्या निष्कर्षांना ह्यामुळे चांगली पुष्टी मिळते." आणि त्यांनी उभं राहून विद्यापीठाकडे पदवीची शिफारस करत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. बीकॉमच्या मुलांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, कारण आता सुटणार होती. विभागप्रमुखांनी तिला गुच्छ दिला, आणि माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, झालं ना सगळं नीट, असं.

पेढे वाटून झाल्यावर, सगळे परीक्षकांना गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा, ती माझ्याकडे आली. पाया पडली. मी एकदम विचारलं, "भीती नाही वाटली तुला? हातातली डिग्री गेली असती."

ती गुच्छावरचा प्लॅस्टिकचा कागद नीट करत होती.

"नाही वाटली," ती म्हणाली. "मी आधी बघून घेतलं ना मॅडम. तुमच्याशिवाय कोणी ऐकत नव्हतं."